येळवशीला लोहाऱ्याला

सोलापूरहून लोहारा किती लांब, असं कुणी विचारलं तर मी एरवी सांगते, एक डुलकी आणि दोन भाकरी. हैदराबादच्या सडकेनं मोटार जाते, नळदुर्गाला उतरून भाकरी सोडायची, पुढं अप्पांची बैलगाडी उभी असते. या खेपेला मोटारी बंद होत्या. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं स्वराज्य आलं आणि लोहारा होतं तिथंच, निजामाच्या राज्यात राहिलं. आमच्या गल्लीतल्या बायका त्या मुलखाला मोगलाई म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. "तिकडं गेलेलं माणूस परत दिसत नाही हो," असं एकीनं मला बजावलं. मी म्हटलं, माझं माहेर आहे ते, विहीर नव्हे.

निघाले होते अप्पांना आणायला. अप्पा म्हणजे माझे वडील. लोहाऱ्यात त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान आणि गावाबाहेर ओढ्याकाठी जमीन. आई गेल्यापासून एकटेच राहतात. गावात बाहेरून वर्दीवाल्यांची टोळी येऊन धर्मशाळेत उतरली आहे, व्यापाऱ्यांना दमदाटी चालू आहे, हे कळल्यावर मी निरोपावर निरोप धाडले. शेवटी उलट निरोप आला, "येळवस झाल्याबिगर मी हलत न्हाय."

ज्यांचं माहेर त्या बाजूला नाही त्यांना येळवस काय ते सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावास्या. वेळ अमावास्या म्हणा. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, अख्खं गाव शेतात जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पाच पांडव मांडायचे, आंबील, बाजरीच्या पिठाचे उंडे आणि सगळ्या हिरव्या दाण्यांची भज्जी नैवेद्याला ठेवायची. ज्याला शेत नाही त्यानं कुणाच्याही शेतात जावं, आणि आलेल्याला उपाशी लावलं तर पीक रुसतं. सोलापुरात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, आपण येळवशीला कुठं जायचं? त्या म्हणाल्या, भाजी घ्यायला मंडईत जा. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी मला घरात कोंडल्यासारखं होतं.

आमचे हे म्हणाले, "त्यांना आणायला चाललीस की त्यांच्यापाशी राहायला?" मी ट्रंकेतली तीन लुगडी काढून ठेवली.

तामलवाडी

सरहद्दीचा नाका तामलवाडीला. तिथवर टांग्यानं गेले. नाक्यापलीकडं नागूमामा गाडी घेऊन थांबायचे होते. नागूमामा नात्याचे कुणी नव्हेत, अप्पांचे गाडीवान. मी लहान असल्यापासून त्यांना मामा म्हणते.

मोगलाईत कापडाची इतकी टंचाई होती की माणसं गोणपाट नेसायच्या बेताला आली होती, आणि कापड नाक्यावर अडवायचे. म्हणून मी तीन लुगडी एकावर एक नेसले होते. चालताना मी बदकासारखी दिसत असणार. नाक्यावरच्या शिपायानं मला वरून खाली पाहिलं, मग अदबीनं नजर वळवली आणि आपल्या सोबत्याला म्हणाला, "जाऊ दे रे, बाईचे दिवस भरत आलेत." मी पोटावर हात ठेवला आणि कण्हले. पलीकडं नागूमामा गाडीत कडबा पसरून बसले होते. मला बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"गंगव्वा, काय कळवलं न्हाईस की!"

"लुगडी आहेत मामा," मी म्हटलं. मामा इतके हसले की बैल बुजले. पुढं लिहायचं आहे ते सगळं आठवताना मला तामलवाडीचं हे हसू फार जवळचं वाटतं.

अणदूर

मुक्कामाला अणदूर. नागूमामांच्या पाहुणीचं, काशीबाईचं घर. मी हातपाय धुऊन आधी खंडोबाच्या देवळात गेले, तर गाभारा रिकामा. विसरलेच होते, वर्षातले काही दिवस देव नळदुर्गाला असतो. दोन गावांत एक देव, वाटून घेतलेला. मी घरी येऊन म्हटलं, देव भेटला नाही. काशीबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "देव हाय नळदुर्गात. माजा ल्योक कुठं हाय ते सांगा."

तिचा मुलगा दिवाळीनंतर चार पोरांबरोबर निघून गेला होता. सरहद्दीवर पोरं जमतात, बंदुका शिकतात, इकडं येऊन नाकी-चौक्या जाळतात, एवढंच तिला माहीत होतं. येसर मसाल्याची आमटी तिनं अशी केली होती की नाकातून पाणी यावं. सोलापूरची शेंगाचटणी मला आवडते, पण येसर भाजल्याचा वास आला की मला वाटतं मी अजून परकरात आहे. मी दुसरी भाकरी घेतली तेव्हा ती चुलीकडं बघत बोलत होती.

"कोंबडी कापायची म्हणलं तर घरातनं पळून जायचा त्यो. लेव्हीचं धान्य उचलाय सरकारी मान्सं आली आन् बियाण्याचं जोंधळं बी घिऊन गेली, त्याच्या बापाला समद्यांम्होरं उटाबशा काढाय लावल्या. त्या दिसापासनं जेवला न्हाय नीट. मग कोण कुठला आला, त्याच्या खांद्यावर हात ठिवला, म्हणला तू वाघ हायस. माजं पोरगं वाघ झालं बाई, आन् माजं घर मोकळं झालं."

ती अभिमानानं बोलत होती की दुःखानं, ते मला कळलं नाही. तिला तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

लोहारा

लोहाऱ्यात शिरताना दिवस कलला होता. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. लिंगायताचं आमचं घर, बोलणं निम्मं कानडी. मुलीला ते 'यव्वा' म्हणतात, म्हणजे आईच. "यव्वा, लई जाड झालीस!" हे त्यांचं पहिलं वाक्य. मी आत जाऊन दोन लुगडी सोडली आणि मग त्यांच्या पाया पडले. ते किती वाळले होते ते वाकल्यावर दिसलं.

त्यातलं एक लुगडं घेऊन मी मागच्या बोळात जैनबमावशीकडं गेले. जैनबमावशी पिंजाऱ्याची विधवा. आईला मी झाले तेव्हा आणि नंतरच्या सगळ्या आजारपणात तिनंच आमचं घर सांभाळलं. तिचा मुलगा महेबूब माझ्याहून धाकटा, मला 'गंगाक्का' म्हणणारा. गावात सगळे त्याला माबूब म्हणतात. मावशीच्या अंगावरच्या लुगड्याला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागलं असतं. भिंतीवर पिंजायची धनुकली टांगलेली होती आणि तिची तात सैल पडली होती. घरात एकच धड कपडा होता, दोरीवर वाळत घातलेली महेबूबची वर्दी.

तो वर्दीवाल्यांत गेला हे मला ठाऊक नव्हतं. अप्पांनी निरोपात कळवलं नव्हतं. मी वर्दीकडं बघत असतानाच महेबूब आला. त्यानं मला पाहिलं, चेहरा फुलला, आणि लगेच त्यानं तो आवरला.

"बस की रे," मी म्हटलं.

"बसायला टाइम न्हाय, अक्का."

"मला बघून टाइम नाही? कैऱ्या चोरताना बरा होता."

तो हसला नाही. तिथंच दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी सरळ विचारलं, तू यांच्यात कशाला गेलास? शाळेत मुलाला विचारतात तसं विचारलं मी, आणि त्यालाही ते जाणवलं असणार.

"कापसाचं काम बसलं," तो म्हणाला. "दोन साल धनुकलीला हात न्हाय. बाहेरनं पळून आलेली मान्सं सांगायली, आमची घरं जाळली, उद्या तुमची जाळतेत. पोलीस इचारत न्हाय, पाटील इचारत न्हाय. मग हे आले. अम्मीला खालाजान म्हणले. जल्मात तिला कुणी असं म्हणलं न्हवतं. पिंजारीन म्हणायचे."

"आम्ही मावशी म्हणतो."

"व्हय. म्हणता की. अक्का, येळवशीला आमी तुमच्या रानात जेवायचो. अप्पा मला पोटाशी धरायचे. पानी मात्र वरनं वताय लागायचं, वंजळीत. म्या कवा वाईट मानलं न्हाय. इथं यांनी एका ताटात बसिवलं. तवा कळलं, वाईट मानाय पायजे हुतं."

जैनबमावशीनं "चूप बस रे" म्हटलं. तो म्हणत होता ते खरं होतं, आणि त्या खऱ्याचा हात धरून त्याला दुसरं कुणी तरी भलतीकडंच नेत होतं. हे मला सांगायचं होतं आणि सांगण्यासारखे शब्द माझ्याकडं नव्हते. आजही नीटसे नाहीत.

"उद्या येणार ना रानात?" एवढंच विचारलं.

"हुकूम हाय, रानात जमायचं न्हाय, वरडायचं न्हाय. अप्पांना सांगा," तो म्हणाला आणि वर्दी दोरीवरून ओढून घेऊन गेला.

मी अप्पांना सांगितलं. अप्पा आंबिलीचं गाडगं गेरू-चुन्यानं रंगवत होते. ते म्हणाले, "माबूब बोलला तसं? त्याला रानात यायचं असंल म्हणून बोलला."

ओढ्याकाठचं रान

येळवशीच्या सकाळी लोहाऱ्याच्या वाटा माणसांनी भरून जातात. डोक्यावर पाट्या, पाटीवर घोंगडं, पोरं पुढं पळताहेत, बायका एकमेकींना हाका मारताहेत. त्या सकाळी वाट मोकळी होती. नागूमामा, अप्पा, मी आणि जैनबमावशी, एवढीच आम्ही. मावशीनं नवं लुगडं नेसलं होतं.

ज्वारी हुरड्यात आली होती. हरभऱ्यावर दहिवर होतं आणि पाय भिजत होते. माझ्या मनात किती वर्षं हेच रान होतं, मंडईत भाजी निवडताना, नळावर पाणी भरताना. आता ते पायाखाली होतं तरी मला त्याची आठवणच येत होती. खोप उभी राहिली, पांडव मांडले, भज्जी उकळून ठेवली. ही भज्जी मी सोलापुरात दोनदा करून पाहिली आहे. सगळं तेच घालते, पण ती आमच्या ह्यांना नुसती मिसळीची भाजी वाटते आणि खरं सांगायचं तर मलाही.

पूजा झाल्यावर घरच्या पुरुषानं आंबील घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरायचं आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" एका शेतातून आवाज निघाला की शेजारच्या शेतातून येतो, मग त्याच्या पलीकडून, आणि शिवारभर तो फिरतो. आमच्या शेतात हे काम अप्पा करत नसत. अप्पांचा आवाज बसका. गाडगं महेबूबकडं असायचं, त्याचा गळा चांगला म्हणून. तो ओरडला की ओढ्यापलीकडची पाखरं उठायची.

त्या दिवशी गाडगं अप्पांनी घेतलं. मी म्हटलं, अप्पा, नुसतं शिंपडा. ते म्हणाले, "मुक्यानं शिंपडलं तर पिकाला कसं कळावं?"

ते ओरडले. बसक्या आवाजात, एकट्यानं. पुन्हा ओरडले. लांबून कुठून तरी एक आवाज आला, अर्ध्यात तुटला. अप्पांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. त्यांनी पावलं उचलली आणि शेताचा दुसरा कोपरा गाठेपर्यंत बांधावरून चार वर्दीवाले आले. चौथा महेबूब.

पुढारी होता तो कुठल्या तरी शहरातला, चष्मेवाला, बोलणं साफ. त्यानं अप्पांच्या समोर काठी आडवी धरली. "क्या बोला, बुड्ढे? इस्लाम को क्या बोला?"

आम्हाला आधी कळेचना. मग कळलं. त्याला 'सालम'चं 'इस्लाम' ऐकू आलं होतं.

"इस्लाम न्हवं जी," अप्पा म्हणाले. "सालम. सालम पोलगे."

"मतलब?"

अप्पांनी नागूमामांकडं पाहिलं, मामांनी माझ्याकडं. मला कानडी येतं, पण हे शब्द इतके झिजले आहेत की कानडीतही त्यांना कुणी ओळखत नाही. आजा ओरडायचा म्हणून बाप ओरडला, बाप ओरडायचा म्हणून आपण. अख्ख्या शिवारात अर्थ कुणालाच येत नव्हता, आणि आता त्या अर्थावाचून अप्पांचा जीव अडला होता. आम्ही गप्प राहिलो तसा त्या माणसाचा संशय घट्ट होत गेला. सोबत्यांपैकी एकानं अप्पांचा दंड धरला.

"तू यहीं का है," पुढारी महेबूबला म्हणाला. "बोल, ये क्या गाली है?"

सगळे महेबूबकडं बघू लागले. तो नुसतं म्हणाला असता, गाली नाही, मीही ओरडायचो, तरी चाललं असतं की नाही मला ठाऊक नाही. तो एकदा ज्वारीकडं बघत होता, एकदा आईच्या नव्या लुगड्याकडं. मग म्हणाला,

"पागल है जी. बीवी मरी तब से पागल है. कुछ भी बकता. मैं तो पहचानता भी नहीं ठीक से."

पुढारी हसला. दंड सुटला. कुणी तरी काठीचं टोक मारलं आणि गाडगं फुटून आंबील जमिनीत मुरली. "कल ये बुड्ढा गाँव में नहीं दिखना," तो महेबूबला म्हणाला. "तेरे ज़िम्मे." ते गेले. महेबूब मागं वळला नाही.

जैनबमावशी बांधावर मटकन बसली. मला वाटलं अप्पा चिडतील, रडतील. त्यांनी खापऱ्या गोळा करून बांधाला ठेवल्या, हात झाडले आणि म्हणाले, "नागू, उद्याच्याला गाडी जोड."

ज्यासाठी मी तीन लुगडी नेसून आले होते ते झालं होतं. अप्पा येणार होते. दमदाटीनं हलले नव्हते, मुलीच्या निरोपांनी हलले नव्हते. 'पहचानता नहीं' एवढ्यानं हलले. मला आनंद व्हायला हवा होता. मी खोपीत जाऊन पांडवांपुढं पोटभर रडले.

शीव

सकाळी अप्पांनी दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ली जैनबमावशीच्या हातात दिली. मावशी म्हणाली, "अप्पा, माज्याकडं देऊ नका. माज्या घरात वर्दी हाय." अप्पा म्हणाले, "तुज्या घरात माबूब हाय," आणि गाडीत बसले.

गाडी निघाली तसा महेबूब मागून चालू लागला. जबाबदारी त्याची होती, शिवेपर्यंत घालवायला हवं होतं. तो अंतर राखून चालत होता. अप्पा गावाकडं तोंड करून बसले होते. म्हणजे ते महेबूबकडंच बघत होते. पांदीतून, ओढ्यातून, असे आम्ही शिवेच्या दगडापाशी आलो. तिथं तो थांबला.

"माबूब," अप्पा म्हणाले. "काल जेवलास का?"

त्यानं मागं वळून वाट निरखली. वाटेवर कुणी नव्हतं.

"न्हाय, अप्पा."

मी घाईनं पाटी सोडू लागले. उंडे होते, कालची भज्जी होती. गाठ ओली होऊन बसली होती, सुटेना. मी दातांनी सोडली. मान वर करते तो महेबूब झपाझप परत निघालेला, आणि लांबून सायकलवर एक वर्दी येत होती. अप्पांनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याची ओळख निघाली असती.

सोलापूर

आता अप्पा माझ्या घरी आहेत. सकाळी उठून गॅलरीत बसतात आणि उगवतीकडं बघतात, तिकडं लोहारा आहे म्हणून. ज्वारी कुणी काढली असेल, हे दिवसातून चारदा विचारतात. मीही तेच मनात विचारत असते, पण त्यांना म्हणते, काढली असेल कुणी तरी.

मोगलाईतून आलेला माणूस म्हणून गल्लीत त्यांची कीर्ती झाली. मागच्या आठवड्यात चौकात सभा होती, मी अप्पांना घेऊन गेले. बोलणारा तरुण, आवाज कमावलेला. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. ज्या शेजारीणबाई मुंगीला साखर घालतात त्याही 'एकेकाला कापून काढा' या वाक्याला टाळी वाजवत होत्या, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की मला अणदूरच्या चुलीपुढची काशीबाई दिसली. रेशनच्या रांगा, बंद पडलेल्या गिरण्या, रोज नवी अफवा, यात पिचलेली ही माणसं. त्यांनाही कुणी तरी खांद्यावर हात ठेवून वाघ म्हणत होतं.

मग तो तरुण आमच्याकडं आला, अप्पांच्या पाया पडला आणि त्यांना मंचावर घेऊन गेला. अप्पांनी सभा कधी पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, गावाकडचं विचारताहेत.

"सांगा अप्पा, काय हाल केले तुमचे? कुणी हाकललं तुम्हाला?"

अप्पा म्हणाले, "एक पोरगा हुता आमचा. त्यानं मला येडा म्हणलं."

लोक चुळबुळले. तरुणानं पुन्हा विचारलं, "गावातलाच ना तो? वर्दीतला? त्याचं नाव सांगा, अप्पा. सगळ्यांना कळू द्या."

खालून आवाज उठला, "नाव! नाव!"

अप्पांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडं पाहिलं. मी खाली उभी होते.

"नाव कशाला?" अप्पा म्हणाले. "जेवायचा ऱ्हायलाय त्यो आमच्यात."